बरकत, दोन, तीन

१

आमच्या काट्यावर गाडी चढली की खिडकीतून माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो.

"मानूस आत का भाईर?"

ड्रायव्हर केबिनमध्ये बसून राहिला तर त्याचंही वजन गाडीत धरलं जातं, म्हणून हे विचारावं लागतं. कॉम्प्युटरवर त्याची चौकटच आहे. 'माणूस : आत / बाहेर'. ती भरल्याशिवाय पावती छापत नाही. दिवसाला साठ-सत्तर गाड्या येतात, मका, सरकी, गिट्टी, सिमेंट. मी साठ-सत्तर वेळा विचारते, चौकट भरते, पावती फाडते, सही करते. बी.कॉम. झाल्यावर दोन वर्षं हेच काम आहे.

काटा उत्तमरावांचा. नांदुऱ्याहून मोताळ्याकडे निघालं की गाव संपल्यावर उजव्या हाताला. जमिनीलगत लोखंडी फलाट, त्याच्या बाजूला माझी खोली, खोलीत कूलर, आणि बाहेर माठापाशी खुर्ची टाकून रंगराव काका. काकांची सगळी उमर मार्केट यार्डात मापारी म्हणून गेली. आता नजर अधू झाली आहे, पण माणूस मोजल्याशिवाय राहत नाही. गाड्या मोजतात, शेळ्या मोजतात, एसटीतून उतरणारे लोक मोजतात. आणि मोजायला लागले की 'एक' कधीच म्हणत नाहीत. बरकत, दोन, तीन, चार. पहिल्या मापाला एक म्हटलं की ढीग आटतो, अशी मापाऱ्यांची जुनी समजूत.

सकाळी मला मोटारसायकलवर सोडणारा माझा दादा, सागर. माझ्याहून दीड वर्षानं मोठा. धामणगाव बढ्याकडे सोलरचा प्लांट आहे, तिथे तो टेक्निशियन. मला खोलीत बसवायचं, मग डबा द्यायच्या निमित्तानं फलाटावर येऊन उभं राहायचं, हा त्याचा रोजचा खेळ होता. आमचा काटा दहा-दहा किलोनं सरकतो. दादा उभा राहिला की बोर्डावर ६० यायचं. मग तो जोरात उडी मारायचा आणि आकडा क्षणभर ७० व्हायचा.

"पाह्य सुचे, सत्तर! आईच्या हातचं हाय हे."

महिन्यातून एकदा तो पेन्सिलीनं माझ्या खिडकीच्या चौकटीवर आपलं वजन लिहून ठेवायचा. ५८, ५९, ६०. त्याच्या ९ ला पतंगासारखी लांब शेपटी असते. शाळेत त्यासाठी त्यानं छड्या खाल्ल्या आहेत.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं सगळं खोटं वाटेल. मी भित्री आहे. दार आपटलं तरी माझ्या हातातला कप पडतो. गेल्या दिवाळीत काट्यावर कापसाची गाडी उभी होती आणि आतून कुणीतरी कण्हल्यासारखं मला ऐकू आलं. मी ओरडून ओरडून सगळा कापूस उतरवायला लावला. निघालं मांजर. तेव्हापासून या रस्त्यावरचे ड्रायव्हर मला 'मांजरवाली मॅडम' म्हणतात.

२

तो कंटेनर अक्षय तृतीयेच्या आदल्या मंगळवारी आला. दुपारचे अडीच. रस्त्यावरचं डांबर चमकत होतं.

पांढरा, वीस फुटी, दादाच्याच प्लांटमधला. आत नुसत्या बॅटऱ्या होत्या. दिवसा उन्हाची वीज साठवायची आणि संध्याकाळी वापरायची. तो बिघडला होता म्हणून जिथे बनला त्या परदेशातल्या कंपनीकडे जहाजानं परत चालला होता. आमच्या भागातलं मोठ्यातलं मोठं पाणी म्हणजे नळगंगेचं धरण, त्यामुळे जहाजाचे कायदे मला कशाला माहीत असणार? ते समजावले पुण्याहून आलेल्या इंजिनिअर साहेबांनी.

"पेटी भरल्यानंतरचं खरं वजन, काट्याची पावती आणि सही. त्याशिवाय बंदरात घेत नाहीत. पूर्वी लोक अंदाजे काहीही लिहायचे. मग जड पेटी वर, हलकी खाली, आणि जहाज कलायचं. म्हणून तुमची सही महत्त्वाची आहे, मॅडम."

मॅडम म्हटल्यावर मला उगाच सरळ बसावंसं वाटलं.

रिकामा ट्रेलर सकाळीच मोजून गेला होता, चौदा हजार तीनशे. आता ड्रायव्हर वामनराव खाली उतरले, मी 'बाहेर' दाबलं आणि पावती काढली. ट्रेलर वजा जाता कंटेनर एकोणतीस हजार सहाशे चाळीस. आकडा येऊन दगडासारखा थांबला.

एक काम मात्र राहिलं होतं. जहाजावर चढवायची बॅटरी तीस टक्क्यांपेक्षा जास्त भरलेली नको, अशी त्या कंपनीची अट होती, आणि आतल्या मीटरचा तारखेसह फोटो पाठवायचा होता. प्लांटवर तो काढायचा विसरले होते. म्हणून गाडी फलाटावरून उतरवून कडुलिंबाखाली घेतली, दार उघडलं, शिडी लावली. आत दोन्ही बाजूंना बॅटऱ्यांची कपाटं आणि मधे दोन माणसं अंग चोरून एकमेकांशेजारून सरकतील एवढीच बोळ. शेवटाला मीटर, दाराशी एक छोटा दिवा.

तिघं आत गेले. आधी दादा, मग त्याच्या बरोबरीचा हरिओम, शेवटी साहेब. दादा शिडीवर थांबला, माझ्या खिडकीकडे बघून डोळे मोठे केले आणि म्हणाला, "म्याऊ."

माझ्या खोलीतून कंटेनरची बाजू दिसते, दार दिसत नाही. मी पुढच्या गाडीची पावती काढत होते. सात-आठ मिनिटांनी आतून साहेबांचा आवाज आला. पत्र्याच्या डब्यातून यावा तसा.

"काका, जरा मोजा हो, सगळे बाहेर आले की नाही! दार लावायचंय."

मग रंगराव काकांचा आवाज, यार्डातला, लांबवलेला.

"बरक्कत... दोन... तीन!"

दार बंद झालं. साहेबांनी सील ठोकलं. मी मान वर केली तेव्हा हरिओम शर्ट पिळत होता, साहेब चष्मा पुसत होते, आणि दादा माठापाशी आमच्याकडे पाठ करून पाणी पीत उभा होता. त्याचा शर्ट कोरडा होता. मला ते दिसलं. दिसलं, आणि मी पुढच्या गाडीला विचारलं, "मानूस आत का भाईर?"

३

वामनराव निघतच होते तेवढ्यात साहेबांना बंदरावरून फोन आला. पावतीवर सीलचा नंबर हवा. म्हणजे पुन्हा वजन.

गाडी पुन्हा फलाटावर आली. वामनराव उतरून माझ्या खिडकीशी चहा घेत उभे राहिले. बोर्डावर आकडा आला चव्वेचाळीस हजार. कंटेनर एकोणतीस हजार सातशे.

साठ जास्त.

मला आधी माझीच चूक वाटली. फलाट रिकामा करून शून्य तपासलं, गाडी पुन्हा चढवली. चव्वेचाळीस हजार. आणि आता तो थांबत नव्हता. चव्वेचाळीस हजार, त्रेचाळीस हजार नऊशे नव्वद, चव्वेचाळीस हजार, चव्वेचाळीस हजार दहा.

काट्यावर काम करणाऱ्याला हे ओळखू येतं. मालाची गाडी थांबली की आकडा थांबतो. म्हशी भरलेली गाडी असली तर तो असा हलत राहतो, कारण आत पाय बदलत असतात.

"काका," मी उत्तमरावांना बोलावलं, "साठ वाढले. आनि काटा नाचून राह्यला."

"हवा असन."

कडुलिंबाचं पान हलत नव्हतं.

"ड्रायव्हर आत असन मंग."

"ड्रायव्हर हा काय, चहा पेऊन राह्यला."

वामनराव हसले. "मॅडम, मांजर तं नाई ना बसलं आत?"

सगळे हसले. हरिओम हसला, साहेब हसले, दादाही हसला. मी त्यांच्याकडे बघितलं. तिघं आत गेले होते, तिघं समोर उभे होते. हिशोब जुळत होता.

साहेब म्हणाले, "डिझेल भरलं असेल. असो. कंटेनरवर जी मर्यादा लिहिली आहे तिच्या खूप आत आहोत आपण. जे दिसतंय ते लिहा."

डिझेल भरलं नव्हतं. गाडी माझ्या डोळ्यांपुढून हललीच नव्हती. पण जे दिसत होतं ते एकोणतीस हजार सातशेच होतं. मी तेच लिहिलं. माणूस : बाहेर. खाली सही केली, सुचिता.

गाडी फलाटावरून उतरताना कंटेनरमधून एक आवाज आला. पत्रा तापला की असा आवाज येतो. मी स्वतःला तेच सांगितलं.

४

दुसऱ्या दिवशी सकाळी दादानं मला सोडलं.  मोटारसायकल खड्ड्यात गेली तेव्हा मागचं चाक उडालं, एकटीच बसल्यासारखी मी आदळले.

मग तो डबा घेऊन फलाटावर आला. मी सवयीनं बोर्डाकडे बघितलं.

००.

"दादा, जरा मधात ये."

तो मधोमध आला. बूट फलाटावर टेकलेले मला दिसत होते.

००.

"उडी मार ना."

"काऊन?"

त्यानं अगदी साधेपणानं विचारलं. डबा खिडकीत ठेवून तो गेला. डबा मात्र जड होता, आईनं ठेचा आणि दोन कांदे जास्तीचे घातले होते.

काटा बिघडला असेल. मी बाहेर गेले आणि स्वतः उभी राहिले. ५०. तेवढ्यात समोरच्या वस्तीतली शेळी नेहमीसारखी फलाटावर आली, आकडा ७० झाला. मी उतरले, शेळीचे २० राहिले. शेळीसुद्धा मोजली जात होती.

तो दिवस मी हिशोबाची कारणं शोधत काढला. कडेला उभा असेल. मधे उभा होता. बोर्ड उशिरा बदलत असेल. शेळीला उशीर झाला नाही. मला ताप असेल. मी कपाळाला हात लावून बघितला. थंड होतं.

संध्याकाळी घरी दादा बाजेवर बसला होता. आमची बाज जुनी आहे, सुतळी सैल झालेली. कुणीही बसलं की मधे झोळी होते. दादाखाली सुतळी सरळ होती, ताणलेली, जशी रिकाम्या बाजेची असते.

आई त्याला वाढत होती. "कालपासून कसं शहान्यासारखं बसते पोरगं," ती म्हणाली. "नाईतर जेवाले बसलं की निस्ता गोंधळ."

"दादा," मी विचारलं, "कापसाच्या गाडीतून काय निंगालं होतं?"

"मांजर," तो म्हणाला. "बांडं. एका कानाचं."

बरोबर होतं. अगदी बरोबर. तरी मला बरं वाटलं नाही.

५

गुरुवारी मी रंगराव काकांजवळ जाऊन बसले.

"काका, मंगळवारी तुमी मानसं मोजले. पहिले कोन निंगालं?"

"पहिले म्हंजे?"

"तुमी बरकत म्हनले तवा कोन उतरलं?"

काकांनी अधू डोळे माझ्याकडे वळवले. "बरकत म्हनाले कोन कशाले उतराले पायजे? ते तं रिकामं माप असते, पोरी. पहिले ढिगाले हात लावाचा, बरकत म्हनाचं आनि ते माप ढिगातच सोडून द्याचं. पोत्यात नाई टाकाचं. पोत्यात दोनपासून जाते."

"मंग दोनले?"

"हरिओम. त्याचा लाल शर्ट दिसला मले."

"तीनले?"

"तो चष्मेवाला साहेब."

"आनि सागर?"

"सागर तं भाईरच होता ना. पानी पेत होता माठापाशी." काकांनी मान माठाकडे वळवली. मग हळूच म्हणाले, "आता तो तिथं कवा आला, ते नाई पाह्यलं म्या."

मी हरिओमला फोन केला. तो वैतागला. "तो माह्या पुढं होता न वो. मी मीटरचा फोटो काढला, वळलो, तं तो नाई. मंग रंगरावनं बरकत म्हनलं, मी समजलो निंगाला." साहेबांना विचारायची गरजच नव्हती. पुण्याच्या माणसाला 'तीन' म्हणजे तीन.

"हरिओम, त्या डब्यात आत दिवा हाय ना?"

"हाय. रस्त्यानं बंदच ठेवा लागते. सगळं बंद. माह्या मोबाईलवर दिसते ते. थांब." त्यानं बोलता बोलता मोबाईलवर बघितलं. "चालू दाखोते."

"काय?"

"दिवा. चालू दाखोते. सेन्सर खराब असन... आता बंद झाला. सुचे, झाला ना बंद. आता चालू."

"किती वेळा लागते? मोज."

तो मोजत राहिला, मी ऐकत राहिले. दिवा दोनदा लागायचा. थांबायचा. तीनदा लागायचा. थांबायचा. मग पुन्हा दोनदा, तीनदा. एकदा कधीच नाही.

६

त्यानंतर मी जे जे करता येईल ते केलं. लिहून काढते, म्हणजे कुणी म्हणू नये की नुसती रडत बसली.

वामनरावांना फोन केला. ते रिकामा ट्रेलर घेऊन परत निघाले होते. "कवाच उतरवला, मॅडम. मांजर बिंजर काई दिसलं नाई."

साहेबांना फोन केला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले की सील तोडायचं तर सगळे कागद पुन्हा, जहाज हुकेल, आणि कारण काय लिहायचं?

उत्तमरावांना सांगितलं. ते म्हणाले, "तू दोन दिवस सुट्टी घे."

पोलीस स्टेशनच्या फाटकापर्यंत गेले. काय सांगायचं ते मनात जुळवून बघितलं आणि तिथूनच परत आले.

शनिवारी दुपारी बंदरातल्या क्लार्कचा नंबर मिळाला. मी घरूनच फोन लावला. आई शेजारी पापड वाळवत होती, दादा दारात बसला होता.

"मॅडम, तुमच्या पावतीवर एकोणतीस सातशे. आमच्या काट्यावर एकोणतीस सातशे. जुळतंय. अडचण काय आहे?"

"पहिली पावती साठ किलो कमी होती. सर, आत माणूस आहे."

आवाज बदलला. "कोण माणूस?"

"माझा भाऊ."

"कधीपासून बेपत्ता आहे?"

मी दाराकडे बघितलं. "बेपत्ता नाही. घरीच आहे."

 पलीकडून एक मोठा भोंगा ऐकू आला, खोल, लांबलचक. मी जहाजाचा भोंगा त्याआधी कधी ऐकला नव्हता.

"मॅडम," तो माणूस अगदी मवाळपणे म्हणाला, "घरात कुणी मोठं आहे का? त्यांना द्या फोन."

माझ्या हातातून फोन गेला. दादानं घेतला होता. त्याची बोटं माझ्या बोटांना लागली. थंड नव्हती, गरम नव्हती, नुसती लागली.

"सॉरी हा सर. बहीन हाय माही. जराशी घाबरट हाय पहिलेपासून." तो हसला. दादासारखंच हसला. "हो, हो. पेटी जाऊ द्या तुमी."

त्यानं फोन माझ्या मांडीवर ठेवला. मांडीवर वजन फक्त फोनचं आलं.

सोमवारी हरिओमचा निरोप आला. पेटी बोटीवर चढली होती. समुद्रात मोबाईलची रेंज नसते, त्यामुळे शेवटचं जे दिसलं ते असं: बॅटरी बावीस टक्के. आतला दिवा, चालू.

७

सोमवारी दादा फलाटावर आला तेव्हा बोर्ड ०० होता. मंगळवारीही. त्याच्या पुढच्या शनिवारी १० आलं.

मला आधी आनंद झाला. खरंच झाला, खोटं कशाला सांगू? मी धावत बाहेर गेले. तो डबा धरून उभा होता, कपाळावर घामाचा एकच थेंब.

"लय ऊन हाय," तो म्हणाला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यानं उन्हाचं नाव काढलं.

चार दिवसांनी २०. मग ३०. बाजेला हळूहळू झोळी यायला लागली. तो पाणी जास्त पिऊ लागला, ताटात दुसऱ्यांदा भात मागू लागला. एकदा माझी वेणी ओढली. आई म्हणाली, "आलं बाई पोरगं जाग्यावर."

आणि मी रात्रंदिवस एकच गणित करत होते. मी कॉमर्सची मुलगी. एकीकडे जमा झालं की दुसरीकडे नावे पडतं, हे मला पहिल्या वर्षाला शिकवलं आहे. इथे दहा वाढले, तर ते कुठून आले?

त्याला फलाटावर येऊ दिलं नाही तर थांबेल, असंही मला वाटलं. मी डबा स्वतः आणायला लागले. तरी तो यायचा. फलाटावर मधोमध उभा राहायचा आणि बोर्डाकडे बघायचा. माझ्यासारखाच वाट बघत.

४०. ५०.

रंगराव काकांनी मोजणं सोडलं होतं. गाड्या येत, शेळ्या येत, ते गप्प बसून राहत. दादा आला की खुर्ची उचलून खोलीच्या मागे जात.

८

काल सकाळी सव्वादहाला काट्याच्या ईमेलवर पत्र आलं. बंदरातल्या क्लार्कनं पुढे पाठवलेलं, वर मराठीत दोन ओळी: 'मॅडम, पलीकडच्या कंपनीची शंका आहे. तुमच्या पावतीबद्दल आहे म्हणून पाठवतो. उत्तर द्यावे.'

कंपनीनं लिहिलं होतं की कंटेनर पोचला, सील शाबूत होतं. त्यांच्याकडचं वजन एकोणतीस हजार सहाशे चाळीस. पावतीपेक्षा साठ कमी. कारण कळवावं. बॅटरी पूर्ण उतरलेली होती, आतल्या दिव्याचं बटण चालू स्थितीत होतं. आत काहीही आढळलं नाही. फक्त दाराच्या आतल्या बाजूला रंग खरवडून काही खुणा केलेल्या आहेत. त्या बनवतानाच्या नाहीत. कोणत्या भाषेतल्या आहेत? फोटो जोडला आहे.

मी फोटो उघडला.

पांढऱ्या पत्र्यावर, स्क्रू ड्रायव्हरच्या टोकानं काढावेत तसे आकडे होते. पहिल्या आकड्याची जागा रिकामी सोडलेली. मग २, ३, ४, ५. सरळ ओळीत, नीट, घाई न करता. पुढे पुढे बारीक होत गेलेले. शेवटचे वाचायला मला फोटो मोठा करावा लागला. २७. २८. आणि त्यानंतर २९, पत्र्यावर जेमतेम उमटलेला, दाबायला हातात जोर नसल्यासारखा.

९ ची शेपटी खूप खाली गेली होती. पतंगाची जाते तशी.

"सुचे!"

मी दचकले नाही. आयुष्यात पहिल्यांदाच मी हाकेला दचकले नाही.

तो फलाटावर उभा होता. शर्ट घामानं पाठीला चिकटलेला, हातात मी घाईत घरी विसरलेला डबा. बोर्डावर ६०.

"पाह्य वं, आलं का नाई?" तो ओरडला. आणि त्यानं उडी मारली. अख्खा फलाट खणखणला. ७०. मग पुन्हा ६०. तो थांबला तरी आकडा थांबला नाही. साठ, पन्नास, साठ, सत्तर, साठ. पाय बदलल्यासारखा.

"आईच्या हातचं हाय हे!"

उत्तमराव आतून हसत बाहेर आले. "चाल, आज याची पावती काढ, सुचे. घरी लावून ठेवा." वामनराव त्यांच्या गाडीतून टाळ्या वाजवत होते. खोलीच्या मागून खुर्ची पडल्याचा आवाज आला, रंगराव काकांची असावी.

मी पावतीसाठी बटण दाबलं. पडद्यावर चौकट आली. 'माणूस : आत / बाहेर'. तिच्यामागे तो फोटो अजून उघडाच होता.

तो खिडकीशी आला. डबा ठेवला, चौकटीवर लिहिलेल्या जुन्या आकड्यांवरून बोट फिरवलं. ५८, ५९, ६०. ५९ वर थांबला. शेपटीवरून बोट खालपर्यंत नेलं आणि पुन्हा वर आणलं, शिकत असल्यासारखं.

"दाब ना," तो म्हणाला. "काऊन थांबली?"

सगळे माझ्याकडे बघत होते, हसत. मागे चार गाड्या लागल्या होत्या.

मी 'बाहेर' दाबलं. पावती निघाली. खाली मी सही केली.